चढता डिंक

डिंक मिक्सरच्या फिरत्या दांड्यावर चढला, मी वैतागून हात आपटला, आणि त्याच क्षणी मागून कुणीतरी हसलं. गोंदियाजवळ मुर्रीच्या आमच्या कारखान्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांसाठी डिंक बनतो. तो किती दाट झालाय हे तपासणं माझं काम. हसणारा होता चंद्रकुमार, मिक्सरची कुरकुरणारी मोटर दुरुस्त करायला आलेला.

"पाणी फिरवलं त मधात खड्डा पडते," तो वाकून बघत म्हणाला. "हा वर काऊन चढून राहिला?"

"याचे रेणू लांबच लांब असतात, एकमेकांत गुंतलेले. दांडा फिरला की ते ताणले जातात अन् त्यालाच आवळतात."

"म्हणजे... जो फिरवते, त्यालेच धरते?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी घाईघाईनं मोटरच बंद केली. थांबता थांबता डिंक थोडा उलटा फिरला.

"पाहा, परत येऊन राहिला!"

"ताण सुटला की येतो. जोरात फिरवला की पातळ, सोडला की पुन्हा घट्ट. कळलं? आता मोटर पाहा!"

त्यानंतर मोटर सारखी बिघडायला लागली. एकदा तर खरंच बिघडली.

मी मुळातच उतावळी. त्यात रविवारी आमगावचे पाहुणे मला बघायला येणार हे कळलं, आणि माझा जीव थाऱ्यावर राहिना. मी चंद्रकुमारला गाठलं.

"त्याच्या आधी माझ्या बाबांशी बोलशील?"

एरवी बडबड करणारा हा गडी, शिकलेला हिंदी शाळेत. त्या दिवशी मात्र घाबरून एकदम पुस्तकी मराठीवर आला. "मी... पूर्ण चेष्टा करीन."

चेष्टा! इथे माझा जीव टांगणीला, आणि याला चेष्टा सुचते? "जा, दुसरीची कर!" म्हणून मी तरातरा निघून आले. त्याचे फोन उचलले नाहीत. कारखान्यात डिंक इतका जोरात घोटला की तो फेसाळून वाया गेला.

शनिवारी लेबलं लावणाऱ्या प्रेरणाला सगळं सांगितलं, तर ती पोट धरून हसली. "येडी! हिंदीत चेष्टा म्हणजे कोशिश!"

जन्मभर हिंदीच्या वेशीवर, गोंदियात राहून मला हे कळू नये? मी स्कूटी काढली आणि थेट कामठ्याला त्याच्या घरी गेले.

"तो त सकाळीच तुमच्या घरी गेला, बाई," त्याची आई म्हणाली.

घरी पोचले तर हा अंगणात, आमच्या पंपाच्या मोटरीपुढे उकिडवा. हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये.

"चांगला पोरगा हाय," बाबा कौतुकानं म्हणाले. "केव्हाचा बसला होता, काही बोलेच ना. म्हटलं, आला हायेस त मोटर पाहून दे."

चंद्रकुमारनं वर बघितलं. पाना खाली ठेवला, पुन्हा उचलला. मला राहवेना.

"बाबा, तो मोटरीसाठी नाही आला. माझ्यासाठी आला. अन् मलेबी तोच पाहिजे."

बाबा त्याच्याकडे वळले. "काऊन रे? खरं हाय?"

"हो जी," तो पुटपुटला. कान लालबुंद.

बाबांनी मोबाइल काढला, आमगावचा नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "तुलेच एवढी घाई हाय, त तूच सांग त्याईले."

पलीकडून "हॅलो" आलं. चंद्रकुमार ग्रीसचे हात तसेच धरून उभा होता, श्वास रोखून.

"उद्या येऊ नका जी," मी म्हणाले. "माझं लग्न ठरलं."