उंबऱ्याची खालची बाजू

बसा नीट, आणि तो मोबाइल आधी खिशात घाला. ही आमच्या निंबाची गोष्ट आहे, सोनगीरच्या अलीकडे राहतो तो. त्यानं मला ती एकदाच सांगितली. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

मागल्या थंडीत निंबा ट्रॅक्टर घेऊन मळ्यात गेला होता, जुन्या घराचा उंबरा आणायला. ते दगडी घर त्याच्या पणज्यानं, वनानं, बांधलेलं. भिंती दीड हात जाड; बाहेरून दगड, आतून दगड, मधे माती आणि चिपांचा भराव. वर सागाच्या तुळयांवर धाबं, मातीचं सपाट छत, त्यावर दर वर्षी पावसाआधी खारी माती टाकायची. पहिल्यांदा दोनच खण होते. एकात माणसं, एकात बैल, आणि दोघांना दार एकच. आजा भिकन यानं तिसरा खण वाढवला, बाप नवल यानं चौथा. दार मात्र कोणी बदललं नाही. दाराखाली अखंड काळ्या दगडाचा उंबरा, चार पिढ्यांच्या पायांनी मधोमध झिजलेला.

आता गावात निंबाचं स्लॅबचं घर उभं राहत होतं. त्याचा एकुलता एक मुलगा ललित वरणगावला कामाला, उन्हाळ्यानंतर त्याचं लग्न. जुनं घर पाडून त्याचा दगड नव्या घराच्या पायात घातला, एवढा उंबरा राहिला होता. ललितनं तो विहिरीवर घासून घासून धुतला, कुंकवाचा कण ठेवला नाही.

"आबा, येना मझार खड्डा पडेल शे. पालथा टाकूत, सपाट दखाई."

सुंदरबाई, निंबाची बायको, तेवढी आडवी आली. "ज्यावर पितरसना कुंकू लागस, तो पालथा नका टाकू."

"दगडच शे तो," निंबा हसला. आणि उंबरा पालथा बसला, सिमेंटात, पक्का.

मग आली आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं आणि एकेका पितराला नावानं जेवायला बोलवायचं. निंबानं तीन बोटं उमटवली. वना. भिकन. नवल. पण हाक मारताना त्याला कसंसंच झालं. रिकाम्या घरात बोलावं तसं वाटलं म्हणे.

ललित संध्याकाळी मोटरसायकलनं यायचा होता. दिवेलागण झाली, जेवणं थांबली. तिजेची कोर मावळली. बाराच्या सुमाराला वीज गेली आणि दोघं नवराबायको ओसरीत अंधारात बसून राहिली.

"फोन लागस का?"

"नही."

तेवढ्यात कोणीतरी खोकलं. तो खोकला निंबानं बापाच्या शेवटच्या वर्षी रोज रात्री ऐकला होता.

खोकला दाराबाहेरून नव्हता. उंबऱ्याखालून होता.

"आयकं का?" सुंदरबाई कुजबुजली.

निंबा उंबऱ्याकडे वाकला.

"वना..." खालून आवाज आला. मग थांबला. बोट टेकवायला लागतो तेवढाच वेळ.

"भिकन..."

पुन्हा शांत.

"नवल..."

सकाळी निंबानं घेतली तीच नावं, त्याच क्रमानं. तिकडेही कोणीतरी उंबरा पुजत होतं. तीन नावं झाली. संपलं, असं निंबाला वाटलं. त्याला तसं वाटून घ्यायचं होतं हो...

"ललित... ये."

निंबा उठला तो पहार घेऊनच. उंबरा सुलटा केला तर हाक थांबेल, एवढंच त्याच्या डोक्यात. सिमेंट फुटेना. नवी फरशी फुटली, चौकट हलली, हाताची सालटी निघाली. सुंदरबाई नखांनी माती उकरत होती. "मना पोऱ्याले नको... मना पोऱ्याले नको..."

कोंबडं आरवायच्या आधी दगड सुटला. दोघांनी मिळून कडेवर उभा केला. आणि फोन वाजला.

स्क्रीनवर नाव ललितचं. निंबाला रडूच फुटलं. "कुठे शे रे तू? कुठे शे?"

"काका," कोणी परका माणूस बोलत होता, "हा फोन ज्याचा आहे, त्याचे तुम्ही कोण?"

...

बातमी कळली तसा उजाडताना मी तिथं गेलो. निंबा भिंतीला टेकून बसला होता, फोन हातातच. सुंदरबाई रडत नव्हती. तिनं मला नुसतं बोटानं दाखवलं. महिनोन्‌महिने सिमेंटात गाडलेली, ललितनं स्वतःच्या हातांनी घासून धुतलेली उंबऱ्याची ती बाजू. त्या झिजलेल्या खड्ड्यात कुंकवाची बोटं होती, एका ओळीत.

तीन वाळलेली. चौथ्याला मी हात लावला.

ओलं होतं.