पिठातला हातचा

त्या काळी घरबसल्या शिक्षणशास्त्राची मोठी पदवी मिळवायची, तर शिक्षकाला आधी काहीतरी विसरावं लागे.

पूर्वी अशा पदव्या निबंध लिहून मिळत, आणि ते निबंध कोण कुणाचे उतरवून काढी हे उकरण्यात आता अर्थ नाही. पुढे विद्यापीठांच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्याला एखादी गोष्ट फार चांगली येते, त्याला ती न येणं म्हणजे काय हेच कळेनासं होतं. म्हणून 'कोरपाटी' आली. हा डोक्याला बांधायचा एक मऊ पट्टा. तो शिक्षकाच्या डोक्यातलं एकच कौशल्य पुसायचा आणि शिक्षकाने ते आपल्याच वर्गात, मुलांबरोबर, पुन्हा शिकायचं. हाच प्रबंध आणि हीच परीक्षा.

फलटणजवळच्या एका वाडीत कुमुदिनी भोईटे तिसरीचा वर्ग घेत. शाळेची मुख्याध्यापकाची खुर्ची रिकामी होती, ती मिळायची तर पदवी हवी होती. खरं कारण मात्र स्वानंदी लोखंडे होतं. सत्तावीस अधिक पंधरा विचारलं की ही मुलगी शांतपणे तीनशे बारा लिहायची. बाई म्हणायच्या, "हातचा विसरलीस." स्वानंदी मान हलवायची आणि पुन्हा तीनशे बारा लिहायची. अशी पोर पुढे गणितालाच घाबरते हे बाईंनी बघितलं होतं, आणि त्यांना तिची काळजी वाटत होती. म्हणून पुसायला त्यांनी हातच्याची बेरीजच निवडली.

त्यांच्या मार्गदर्शक डॉ. झरीन इनामदार पडद्यावरून भेटत.

"आठवण कपाटातल्या कपड्यासारखी पडून नसते, बाई," त्या म्हणाल्या. "आठवली की ती कणकेसारखी मऊ होते आणि मग पुन्हा घट्ट बसते. मऊ असताना तिला बसू दिलं नाही, की ती जाते."

"आणि मला ती परत हवी झाली तर?"

"जुन्या आठवणीची प्रत आम्ही सत्र संपेपर्यंत जपून ठेवतो. पट्टा उलटा चालवला की सगळं पूर्ववत. पण मग नवं शिकलेलं पुसलं जातं आणि पदवी मिळत नाही. एक सांभाळा. कौशल्याला आजूबाजूचं काही चिकटलेलं असतं. माणसं, जागा, वास. ते तुम्ही आत्ता बोलून दाखवलंत, तर त्याला कुंपण घालून वाचवता येतं. सांगा, हातचा म्हटलं की काय आठवतं?"

प्रश्न विचारला गेला होता, आणि बाई हाडाच्या शिक्षिका होत्या. त्यांनी पाठ ताठ केली. "एकक स्थानातील बेरीज नऊपेक्षा जास्त झाल्यास दशक पुढील स्थानी नेतात, त्यास हातचा म्हणतात."

पैकीच्या पैकी गुणांचं उत्तर. "आणखी काही?" डॉक्टरांनी विचारलं. बाईंना वाटलं, झालं. त्यांनी पट्टा बांधला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्यांनी स्वतः तीनशे बारा लिहिलं. वर्ग हसला. स्वानंदी हसली नाही. ती उठून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, मलापण असंच वाटतंय. बारा आलेत, तर दोनच का लिवायचे?"

"खरंच गं. बाकीचे दहा जातात कुठं?"

मग दोघी व्हरांड्यात चिंचोके घेऊन बसायला लागल्या. दहा झाले की फडक्यात पुरचुंडी बांधायची, हे स्वानंदीनं काढलं. पुरचुंडी शेजारच्या, दशकाच्या घरात ठेवायची, हे बाईंनी. पण अडत होतं ते निराळ्याच ठिकाणी. "आत दहा हायत हे दिसतंय," स्वानंदी म्हणाली, "आन् म्हनायचं एक?" बाईंचंही तिथंच अडलं होतं, आणि इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढं कधीतरी पोरीनं पुरचुंडी तळहातावर तोलली आणि म्हणाली, "पुरचुंडी एकच हाय की, बाई." दोघींना एकदमच कळलं. बाईंचे डोळे भरून आले. शिकल्याचा इतका आनंद त्यांना आयुष्यात झाला नव्हता, असं त्यांना वाटलं.

गुरुपौर्णिमेला त्या नेहमीप्रमाणे माहेरी गेल्या. सत्राचा तो शेवटचा दिवस होता. वडिलांची, आप्पांची, पिठाची गिरणी अजून चालू होती. आप्पा ऐंशीला टेकलेले, भुवया पिठानं पांढऱ्या.

"आलीस व्हय? ये."

बाईंनी पाया पडून फूल ठेवलं. आप्पांनी मूठ पुढं केली, मिटलेली, आणि हसत थांबले. बाईही थांबल्या. प्रसाद असेल म्हणून त्यांनी ओंजळ धरली.

"हातचा किती?" आप्पांनी विचारलं.

"कशातला, आप्पा?"

आप्पांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी मूठ उघडली. आत चिमूटभर पीठ होतं. बाईंनी पिठाकडं पाहिलं, आप्पांकडं पाहिलं. इथं काहीतरी होतं एवढंच त्यांना कळलं. त्यांनी पट्ट्याचं सगळं सांगून टाकलं.

"आज दिवस मावळेपर्यंत परत आणता येतं, आप्पा. आत्ता घरी जाते आणि आणते."

आप्पांनी गिरणी बंद केली. "त्या पोरीला आली का बेरीज?"

"आली. पण आता तिच्यासारखी दुसरी आली, तर तिचं कुठं अडतंय ते मला कळतं. परत आणलं तर ते जाईल."

"मग ऱ्हाऊ दे."

"पण तुमचं, आप्पा..."

"मला आठवतंय की. मी हाय तवर हाय."

त्यांनी तिला पोत्यावर बसवलं आणि सांगायला लागले. एक लहान मुलगी होती. डब्याच्या झाकणावर पीठ पसरून बाप तिला बेरजा शिकवायचा. बेरीज दहाच्या वर गेली, की चिमूटभर पीठ तिच्या मुठीत द्यायचा आणि म्हणायचा, "हे सांभाळ, पुढच्या घरात टाकायचंय." मुलगी मूठ इतकी घट्ट धरायची, की झोपेतसुद्धा सोडायची नाही. तिची आई सकाळी ती मूठ ओल्या फडक्यानं पुसायची.

बाई लक्ष देऊन ऐकत राहिल्या. त्यांना त्या मुलीचा फार हेवा वाटला.