माणशी एक दगड

कन्नडच्या पुढं, डोंगरातल्या उंच धबधब्याला जायचं सायलीनंच ठरवलं. सोमवारी ती नोकरीसाठी पुण्याला जाणार होती. "नको जाऊ" म्हणून मी महिनाभर डोकं खाल्लेलं, त्यामुळं लेक माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. बजाजनगरहून निघताना मी धपाट्यांचा डबा भरला. रुसव्यावर मला तेवढंच औषध येतं.

पायवाटेच्या तोंडाशी सरूबाई नावाची बाई शेळ्या चारत होती. म्हणाली, "वर जाताना माणशी एक दगड इथं ठिवायचा. उतरल्यावर ज्याचा त्यानं उचलायचा."

"कशाला?" सायलीला हसू आलं.

"आमच्यात ठिवत्यात."

ठेवले दोन.

वर पाणी असं कोसळत होतं की शेजारचं बोललेलं ऐकू येईना. तुषारांनी दोघी निथळलो. सायली फोटो काढत राहिली. माझे गुडघे कुरकुरायला लागले तशी मी पुढं उतरले. खाली येऊन माझा दगड उचलला, आणि हात लागलाच होता तर तिचाही. जेवल्यावर तिचं ताट मीच उचलते, तसा. दोन्ही ओढ्यात टाकले.

सरूबाईची काठी थांबली. "पोरीचा का उचलला?"

"तिनं उचलला काय, मी उचलला काय, एकच की."

"ती अजून वर हाय, बाई. जा, हुडक तिला. लगीच जा."

मी वळले, तर सायली मागंच उभी. पावलं वाजली नव्हती. माझ्या पदरातून पाणी गळत होतं. तिचे केस कोरडे.

"कधी उतरलीस गं?"

"तुझ्याबरोबरच की." मग गोड आवाजात म्हणाली, "आई, मी नाय जात पुण्याला. तुझ्याजवळच राहते."

हेच ऐकायला महिनाभर जीव टांगला होता. पण माझी पोरगी इतक्या सहज ऐकणाऱ्यातली नाही.

सरूबाई शेळ्या वळवत होती. सायलीकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. "वर जा, बाई," एवढंच म्हणाली.

अर्ध्या तासाची चढण. मी वाटेकडं पाहिलं. सायलीनं माझा हात धरला. महिन्यानंतर.

मी गेले नाही.

एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. देवगाव रंगारीच्या स्टँडवर ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

पाणी कोसळताना ऐकू आलं. लांब कुठं नाही. तिच्या छातीत.

मागच्या सीटवरची बाई पुढं वाकली. "कुठं पाणी पडतंय का ओ?"

"नाय," मी म्हणाले, आणि सायलीच्या अंगावर माझा पदर ओढला.