डावीकडचा हात

ही गोष्ट खरी आहे.

अशा पानांवर प्रत्येक जण हेच म्हणतो, ठाऊक आहे मला. मग मोकळ्या केसांची बाई येते, उलटे पाय येतात, आणि सांगणाऱ्याची अक्कल त्याच पायांनी निघून जाते. माझ्या गोष्टीत केस नाहीत, पाय नाहीत. रात्रसुद्धा नाही. सगळं भर दुपारी घडलं, रेडिओ सेट बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. ज्यांना घाबरायला अंधारच लागतो त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं.

घडलं ते माझ्या मावशीच्या बाबतीत.

मावशीचा भुतांवर विश्वास नाही. खरं तर तिचा माणसांवरही नाही.

ती सेट जुळवते. गाणी ऐकायचे नव्हेत, समुद्रावरच्या बोटींशी बोलायचे, बचाव चौकीवर लागतात ते. आता थोडं तांत्रिक सांगतो. कंटाळा आला तरी वाचा, कारण भूत त्यातच आहे.

हवेतून येणारी लाट इतक्या वेगाने थरथरते की तिच्यावर थेट काम करणं अवघड. म्हणून सेटच्या आत आपलीच एक लाट तयार करायची आणि दोन्ही एकमेकींत मिसळायच्या. दोघींच्या वेगात जेवढा फरक, तेवढ्या वेगाची नवी लाट बाहेर येते. ती सावकाश असते, तिच्यातून माणसाचा आवाज काढता येतो. हे काम करतो तो मिक्सर. स्वयंपाकघरातला नव्हे.

मावशीचा मिक्सर म्हणजे गोलात जोडलेले चार डायोड आणि दोन बाजूंना बोटाच्या पेराएवढी तारेची वेटोळी. सेटमधली लाट वेटोळ्याच्या बरोबर मध्यातून आत शिरते, तिचे दोन सारखे भाग होतात, आणि बाहेरच्या तोंडाशी ते भाग एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणजे ती काम सगळं करते, पण बाहेर दिसत नाही. त्यासाठी दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या हव्यात. तसूभर फरक पडला की तोल जातो, लाट गळते, अँटेनातून बाहेर पडते आणि शेजारच्या सेटमध्ये शिट्टी वाजते.

वेटोळी काका गुंडाळायचे. काका म्हणजे मावशीचे यजमान. डायोड पारखून सारखे चार निवडणं आणि शेवटी एक बारीकसा स्क्रू फिरवून तोल लावणं हे मावशीचं काम. काकांची वेटोळी नेहमी एका अंगाला जास्त. मावशी त्यावरून त्यांना जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यात काकांना एक खोड होती. तोल लावताना ते मावशीच्या डावीकडच्या स्टुलावर बसायचे आणि टेबलावर पंजा टेकून आत डोकवायचे. झाकण उघडं असताना माणसाचा हात जवळ आला तर तेवढ्यानेही तोल जातो. शिट्टी वाजायची.

"अहो, हात काढा."

हात निघायचा. थोड्या वेळाने परत तिथेच. उभा संसार असा गेला. चहाच्या वेळी काका बाहेरच्या लोखंडी जिन्यावर सिगारेट ओढायला जायचे, तेवढ्यात मावशी तोल लावून घ्यायची.

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. मावशी म्हणाली, कामं अर्धवट टाकून गेले. भेटायला आलेल्यांना तिने वाटेला लावलं आणि कारखान्यात जाऊन बसली.

कारखाना काकांच्या पुतण्याकडे आला. मावशी त्याला चकचकीत म्हणते. त्याचे बूट चकचकीत, कपाळ चकचकीत, बोलणं तर त्याहून. त्याला बाजारातले तयार मिक्सर आणून बसवायचे होते. काकूंचा हात आता थरथरतो, असं तो काकूंना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात सगळ्यांना सांगायचा. शेवटी ठरलं की बंदराच्या टोकावरच्या बचाव चौकीचा सेट मावशीने जुळवावा. तो नीट चालला तर टेबल तिचं, नाहीतर तिने घरी बसावं.

घरी कोणी नव्हतं. मावशीला दुसऱ्या कशाची भीती वाटत नव्हती, याची वाटत होती.

त्या दुपारी वरच्या मजल्यावर ती एकटीच होती. खिडक्या बंद. कपाटात काकांच्या हातची वेटोळ्यांची शेवटची जोडी उरली होती, अर्थात वाकडी. तिने ती जोडली, तपासणीचा दुसरा सेट शेजारी चालू केला आणि प्लास्टिकच्या स्क्रू ड्रायव्हरने तोलाचा स्क्रू फिरवू लागली. शिट्टी बारीक झाली. मग विझली.

तिने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

आणि...

शिट्टी परत आली.

एकदम नाही. हळूहळू. लांबून कोणी हात जवळ आणत यावं तशी.

मावशीने आधी स्वतःला शिव्या दिल्या. कोपर मागे घेतलं. टाके पाहिले, तारा पाहिल्या. सगळं जागच्या जागी होतं. पुन्हा तोल लावला. शिट्टी विझली. हात मागे घेतला...

परत आली.

पुढच्या खेपेला ती वैतागली. डोळे सेटवरच होते, आणि तोंडातून सवयीने निघून गेलं.

"अहो, हात काढा."

शिट्टी बंद झाली.

खोलीत काही हललं नाही. खाली कुठेतरी ड्रिल चालू होतं, तेही त्याच क्षणी थांबलं. मावशीने डावीकडे पाहिलं नाही. का नाही पाहिलंस, असं मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "बघून काय करायचं होतं? दिसले असते तर हसले असते. दिसले नसते तर मी वेडी."

थोड्या वेळाने...

शिट्टी परत. तितकीच हळू. तितकीच जवळ.

मग मावशीने पत्र्याचं झाकण लावलं आणि चारही बाजूंनी आवळलं. झाकण लागलं की हाताचा परिणाम आत पोचत नाही, झाकण असतंच त्यासाठी. जिवंत माणसाचा हात तरी पोचत नाही.

शिट्टी वाजतच राहिली.

मावशीला घाम फुटला. ती भुताला घाबरली नाही असं ती सांगते. मी ते ऐकून घेतो.

तेवढ्यात जिन्यावर चकचकीत बुटांचा आवाज आला. पुतण्या सेट बघायला येत होता, आणि सेट शिट्ट्या मारत होता. मावशीला संताप आला. पुतण्याचा नव्हे, त्याच्यावर संताप खर्च करण्याइतकी ती उधळी नाही. जन्मभरात एक साधी गोष्ट न शिकलेल्या माणसाचा.

"बसा मग तिथेच," ती म्हणाली. "तुमच्यासकट जुळवते."

झाकणाच्या भोकातून तिने स्क्रू फिरवला, शिट्टी विझवली आणि तो पुन्हा हलू नये म्हणून त्यावर लाखेचा थेंब सोडला. पुतण्या आत आला तेव्हा सेट गप्प होता. त्याचं तोंड पडलं. त्या आनंदात मावशीने पुढचा विचार केला नाही.

तोल लावताना जवळ कोणी नसावं, हा या कामातला पहिला धडा. जो जवळ असतो तो तोलात धरला जातो. आता तो हात तिथे असला, तरच तो सेट गप्प राहणार होता.

सेट चौकीवर गेला. उत्तम चालला. मावशीने नवं काम घेतलं, झाकण उघडं ठेवून तोल लावला. शिट्टी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा तिने पहिल्यांदा डावीकडे पाहिलं. नुसतं स्टूल होतं.

मग चौकीवरून तक्रार आली. सेट दिवसभर छान. पण रोज चहाच्या वेळी शेजारच्या सेटमध्ये शिट्टी वाजते. साधारण एक सिगारेट ओढून होईल एवढा वेळ. मग आपोआप थांबते. आदल्या दिवशी त्या शिट्टीत एका बोटीची हाक बुडता बुडता वाचली होती.

"मेले तरी ओढणं सुटलं नाही," मावशी फोन ठेवून म्हणाली. मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं.

पुतण्या स्वतः गाडी चालवत तिला चौकीवर घेऊन गेला. इतका उत्साह त्याच्यात कोणी पाहिला नव्हता. चौकी म्हणजे खांबांवर उभी एक खोली, बाहेर लोखंडी जिना, आत दोन सेट आणि एक ऑपरेटर. तिघं चहाची वाट बघत बसले. चहा आला...

बाहेर जिना वाजला. कोणी उतरल्यासारखा.

शिट्टी सुरू झाली.

मावशीने लाख फोडली, स्क्रू किंचित फिरवला आणि शिट्टी विझवली. आता तोल रिकाम्या जागेशी लागला होता, जसा लागायला हवा तसा. पुतण्या म्हणाला, जमलं म्हणायचं. ऑपरेटरने कप पुढे केला. मावशीने कप घेतला नाही. ती दाराकडे बघत होती.

चहा संपला.

जिना वाजला...

दार हललंसुद्धा नाही. पण शिट्टी आली. हळूहळू, लांबून जवळ, आणि जवळ येऊन तिथेच टेकली.

पुतण्याचं कपाळ उजळलं. ऑपरेटर घड्याळाकडे बघत म्हणाला, आजपर्यंत या वेळेला ती थांबायची, आज उलटंच झालं. मग त्याने आवाजाची कळ पुढे-मागे केली. "या शिट्टीखाली कोणी ओरडत असेल तर मला कळणार नाही, बाई," तो म्हणाला.

मावशीसमोर तिचं टेबल होतं. रिकामं घर होतं. बाहेर समुद्रावर बोटी होत्या. आणि डावीकडे तो हात होता, जो कितीही सांगितलं तरी जन्मभर परत येत राहिला होता.

ती मोठ्याने बोलली, दोन माणसांसमोर.

"अहो, हात काढा. कळत नाही का तुम्हाला? कधी कळलंय तुम्हाला काही?"

शिट्टी तुटली.

नेहमीसारखी उतरत गेली नाही. तुटली.

मग जिना वाजला. सावकाश, खाली जाणारा.

पुतण्या हसायला गेला, पण हसू आलं नाही. ऑपरेटर खुर्ची मागे सरकवून उभा राहिला होता. शिट्टी त्या दिवशी परत आली नाही, आणि नंतरही कधी नाही.

एक सांगायचं राहिलं. घरात मावशी काकांना काय वाट्टेल ते बोलायची. कारखान्यात दोघंच असताना त्याहून जास्त. पण चारचौघांत तिने त्यांना कधी एक वाकडा शब्द ऐकवला नव्हता. तो पहिला.

टेबल मावशीलाच राहिलं. पुतण्या आता तिच्या खोलीत फिरकत नाही, हा एक फायदाच.

ऑपरेटरचा मात्र अधूनमधून फोन येतो. सेटबद्दल तक्रार नाही. पण जिन्यावर कोणीतरी उभं असतं, असं तो म्हणतो. दिसत नाही. सिगारेटचा वास येतो, आणि चौकीवर कोणी ओढत नाही. पूर्वी चहापुरतंच असायचं, आता दिवसभर असतं. पाऊस असला तरी. दार उघडं ठेवून पाहिलं. आत येत नाही.

हे ऐकून मी मावशीकडे कारखान्यात गेलो. मोठ्या धीराने म्हटलं, तू जाऊन त्यांना घेऊन ये.

"आणि काय सांगू? आत या म्हटलं तर शिट्टी वाजणार. घरी चला म्हटलं तर, माझं ऐकून ते कधी कुठे आलेत?" मग ती थोडा वेळ स्क्रू ड्रायव्हर पुसत राहिली. "एकदाच ऐकलंन माणसाने. नेमकं तेव्हा."

मी स्टूल ओढून बसायला गेलो.

"तिथे बसू नकोस."

मी विचारलं, "का? आहेत का?"

"नाहीत," मावशी म्हणाली. "म्हणूनच."

मी उभाच राहिलो. तिने झाकण उघडलं, तोल लावला, शिट्टी विझवली. काम झालं होतं. तरी तिने झाकण लावलं नाही. हात मांडीवर ठेवून सेटकडे बघत बसली.

मी निघेपर्यंत शिट्टी वाजली नाही. ती वाजावी असं मला वाटत होतं की वाजू नये, हे मला अजून कळलेलं नाही.