भावाला घरात काय हाक मारता?

माझा स्वभाव किरकिरा आहे, मान्य. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचा तो होतोच. दिवसभर लोकांचं एकच रडगाणं: पासवर्ड विसरलो, आत जाता येत नाही, तुमचंच काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काही नसतं. माणसं विसरतात, बस.

आमची संस्था दृष्टिहीन लोकांसाठी पुस्तकं आवाजात रेकॉर्ड करते. वाचक आपापल्या घरी बसून एकेक प्रकरण वाचतात, आमच्या साइटवर लॉगिन करून फाइल चढवतात आणि ऐकणारे ऐकतात. माझी मोठी बहीण त्या वाचकांपैकी एक. जेवण, भांडी, जराशी झोप असं सगळं उरकून ती रोज दुपारी चारला वाचायला बसायची. तिच्या फाइली तपासायचं काम माझ्याकडे होतं. आत आलेल्या वाचकाच्या स्क्रीनवर मला निरोप पाठवता येतो. मी लिहायचो, "ताई, पंखा बंद कर, घरघर येतेय." लगेच फोन यायचा, "भुंग्या, उकडून मरू का मी?"

लहानपणी मी तिच्यामागे भुणभुण करत फिरायचो, म्हणून भुंग्या. या नावानं जगात एकटी तीच हाक मारायची. पुस्तक संपलं की शेवटी ती आपलं एक वाक्य घुसडायची, "हे पुस्तक सगळ्यात आधी ऐकलं माझ्या भावानं, भुंग्यानं." मला ऑफिसात लाज वाटायची. मी ते वाक्य दर वेळी कापून टाकायचो. अकरा पुस्तकांतून कापलं.

ती गेली त्याला आठ महिने झाले. बाराव्या पुस्तकाची चौदा प्रकरणं झाली होती, पाच राहिली. ऐकणाऱ्यांमध्ये एक निवृत्त मास्तर आहेत. ते दर आठवड्याला फोन करून विचारायचे, "बाई पंधरावं कधी वाचणार?" मी "बघतो, बघतो" म्हणून वेळ मारून न्यायचो. बाई गेल्या, हे सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

मग जुना सर्व्हर बदलायचं ठरलं. बंद करण्याआधी आत कोण आहे ते पाहिलं तर यादीत एकच नाव. ताईचं.

मी दचकलो वगैरे नाही. ती करामत माझीच होती. अर्धा तास काही केलं नाही की सर्व्हर माणसाला बाहेर काढतो आणि पुन्हा पासवर्ड मागतो. ताई चिडायची, "सारखा पासवर्ड काय मागतोस? मी काय चोर आहे?" म्हणून तिच्यापुरती ती मुदत मी काढून टाकली होती. पण शेजारच्या रकान्यात तिची शेवटची हालचाल होती आदल्या दिवशीची, दुपारी चारची. त्याच्या आदल्या दिवशीही चार. मी मागे मागे गेलो. एक दिवस चुकलेला नव्हता.

भाऊजींना फोन लावला. "भाऊजी, ताईचा कॉम्प्युटर बंद करा हो. आठ महिने चालूच ठेवलाय का?"

ते म्हणाले, "अरे, तो दुसऱ्याच महिन्यात देऊन टाकला. टेबलही काढलं. तिथे आता नुसती भिंत आहे."

"बरं."

"तिचं खातं बंद करणार का रे?"

"नियम आहे, भाऊजी. नव्या सर्व्हरवर प्रत्येकानं नव्यानं ओळख पटवायची. शुक्रवारी सहापर्यंत ज्याची पटणार नाही, त्याचं खातं बंद."

"राहू दे ना. कुणाचं काय खातंय ते?"

बघतो म्हणालो आणि फोन ठेवला. सोमवारी पावणेचारला जुना सर्व्हर बंद केला. आत असलेलं सगळं बाहेर पडलं. मी फक्त एक बटण दाबलं. पण तिला बाहेर मीच काढलं, हे आता काय लपवायचं.

नव्या सर्व्हरवर आधी पासवर्ड, मग एक खासगी प्रश्न. हे प्रश्न वाचकांनी खातं उघडतानाच भरून ठेवलेले. ताईचा मीच निवडून दिला होता: भावाला घरात काय हाक मारता? हसत म्हणाली होती, "हे बरं आहे, हे मी मेले तरी विसरणार नाही."

चार वाजून पाच मिनिटांनी तिच्या खात्यावर पासवर्ड आला. बरोबर. तो कुणालाच माहीत नाही, मलाही दिसत नाही. सर्व्हर फक्त जुळला की नाही एवढंच सांगतो. जुळला. पुढचं उत्तर मात्र चुकलं. तीनदा चुकलं आणि खात्याला पंधरा मिनिटांचं कुलूप लागलं.

कुठून आलं म्हणून पत्ता पाहिला, तर तो सर्व्हरचा स्वतःचाच. म्हणजे बाहेरून कुणी आलंच नव्हतं, आतूनच कुणीतरी दार ठोठावत होतं. मी स्वतःला चार शिव्या घातल्या, कारण सेटिंग चुकलं की सगळेच पत्ते असे दिसतात. सेटिंग सुधारलं. बाकी सगळ्यांचे पत्ते खरे दिसायला लागले. तिचा तोच राहिला.

आणखी एक घाण मी करून ठेवली होती. चाचणीसाठी सर्व्हरला त्या खासगी प्रश्नाला येणारं प्रत्येक उत्तर लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, लिहायला लावलं होतं आणि ते बंद करायचं राहून गेलं. लोकांची चुकलेली उत्तरं उघडीवाघडी पडून होती. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

मी तिची उघडली.

बाळ. छोटू. सोन्या.

मंगळवारी चारला आमच्या मांजराचं नाव आलं. मग आईचं माहेरचं नाव. मग माझ्या शाळेचं. अगं, जवळ आलीस, जवळ आलीस, असं मी चक्क मोठ्यानं म्हणालो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

बुधवारी: भाऊ. भाऊ. भाऊ.

गुरुवारी एकच उत्तर आलं. "होता एक."

मी जिन्यात जाऊन रडलो. आठ महिन्यांत रडलो नव्हतो. आत होती तोवर तिला आठवत असणार, असं राहून राहून वाटत होतं. मी तिला बाहेर काढलं आणि ती मला विसरली. निरोप पाठवावा म्हटलं, तर तो आत आलेल्यालाच दिसतो.

शुक्रवारी दुपारी मी नियम मोडला. तिच्या एकटीच्या खात्यावरचा तो प्रश्न काढून टाकला. ओळख पटली, अशी खूण स्वतःच्या हातानं केली.

चार वाजून पाच मिनिटांनी ती आत आली.

पाचला दहा कमी असताना पंधरावं प्रकरण चढलं. मी न ऐकताच पुढे सोडलं. कानाला लावायची छाती झाली नाही.

मास्तरांचा फोन आला. आनंद आवाजात मावत नव्हता. "आलं की हो पंधरावं! बाईंचा आवाज जरा लांबून येतोय, एवढंच."

"पंखा असेल," मी म्हणालो.

मग रोज एक. सोळा, सतरा, अठरा.

एकोणिसावं मी ऐकलं. तिचाच आवाज, तीच स्वल्पविरामाला थांबायची सवय. गोष्ट संपली. पान मिटल्याचा आवाज आला.

"हे पुस्तक सगळ्यात आधी ऐकलं माझ्या भावानं..."

पुढे काही नाही.

मी थांबलो. श्वास ऐकू येत होता. एकतिसाव्या मिनिटाला ती हळूच बोलली, पण माझ्याशी नाही. मला ती आयुष्यात कधी अहो-जाहो करायची नाही.

"थांबा हो जरा. आठवलं की निघूच."

फाइल तिथे संपत नाही. साइटवर त्या फाइलीसमोर अजून 'चढत आहे' असं दिसतं, आणि लांबी वाढते आहे.

ती आत आहे. म्हणजे निरोप तिला दिसेल. मी चौकट उघडली, एकच शब्द लिहिला: भुंग्या. 'पाठवा'वर बोट नेलं.

तेव्हा लक्षात आलं की आठवलं की ती निघणार.

आज अकरा दिवस झाले. शब्द चौकटीत तसाच आहे. रोज म्हणतो, उद्या पाठवतो. भाऊजी विचारतात, काही कळलं का रे, आणि मी नाही म्हणतो. मास्तर विचारतात, शेवटचं कधी. त्यांनाही बघतो म्हणतो. फाइल दोनशे साठ तासांच्या पुढे गेली आहे आणि ताई माझं नाव आठवत बसली आहे. मला माझीच शरम वाटते. पण ती आहे ना, एवढंच मनाशी धरून बसतो.

आज सकाळी शेवटची दहा मिनिटं ऐकली. ताईचा श्वास होता. आणि मग, तिच्या अगदी जवळून, दुसऱ्याच कुणीतरी घसा खाकरला.