पुढच्याचं चाक

हे खरं घडलंय. मला रचून सांगता येत असतं, तर सासूबाईंसमोर इतकी वर्षं गप्प बसले नसते.

मंगळवारची पहाट होती. गावाबाहेरचा कालव्याकाठचा रस्ता. धुकं असं, की पाच-सहा हातांपलीकडचं काही दिसेना.

घराला लागूनच माझं शिवणकामाचं दुकान आहे. ते उघडण्याआधी जेमतेम तासभर मिळतो, तेवढाच माझा सराव. थोरली बहीण डायलिसिसवर. वॉर्डात मशीन एकच, तेही अधूनमधून रुसतं. दुसऱ्या मशीनसाठी सायकलफेरी आहे, दोनशे किलोमीटरची. सूर्यास्ताआधी पोचलं, तरच आपल्या नावाने कबूल झालेली देणगी वॉर्डाला मिळणार.

माझा वेग बघून नवरा म्हणाला, "पोचशील गं. कोणत्या दिवशीच्या सूर्यास्ताला, ते मात्र विचारू नकोस."

म्हणून धाकटे दीर पुढे आणि मी मागे, असं ठरलं. पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा, हाताने खड्डे दाखवायचे. मागच्याने त्याच्या आडोशाला राहायचं, नजर फक्त त्याच्या मागच्या चाकावर.

"वहिनी, मान वर करायची नाही," भाऊजी बजावायचे. "चाक सुटलं की वारा तोंडावर. मग तुमचा दम संपलाच म्हणून समजा."

त्या पहाटे मी चाक सोडलंच नाही. चढावरही पाय पिसासारखे हलके. मनात म्हटलं, बाई गं, जमतंय की!

मग लक्षात आलं... भाऊजी बोलत नव्हते.

हा माणूस दात घासतानाही बोलतो.

"भाऊजी, रागावलात का?"



मी कान देऊन ऐकलं... चेन एकच वाजत होती.

माझी.

तेवढ्यात पुढचा हात खाली आला. डावीकडे खड्डा. मी चुकवला. पण तो हात बारीक होता... बाईचा असावा तसा. बाहीतून पाणी ठिबकत होतं.

पाठीच्या खिशात फोन वाजला. मी दचकून ब्रेक दाबला.

"वहिनी, आहात कुठे?" भाऊजी ओरडत होते. "पुलापाशी पंक्चर झालंय माझं. घसा बसेस्तोवर हाका मारल्या!"

पूल तर केव्हाच मागे पडला होता.

मी मान वर केली.

पुढे कुणी नव्हतं.

आणि चार हातांवर रस्ताही नव्हता... दगडाची जुनी खाण होती. काठोकाठ पाणी.

मागे ओल्या मातीत चाकांचा माग एकाच सायकलचा.

भाऊजींना सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा ते गप्प झाले. मग म्हणाले, "धुक्यात भास होतात." दुसऱ्या दिवशी मात्र न सांगता सायकलचा स्टँड घेऊन आले. मागचं चाक त्यात अडकवायचं आणि घरातच पायडल मारायचं.

"छान," नवरा म्हणाला. "आता निदान जेवायला हाक मारली की ऐकू जाईल."

दुकान दुपारी बंद असतं. मागच्या खोलीत सायकल लावली, समोर टेबलफॅन. परवा जीव तोडून पायडल मारत होते. घामाच्या धारा, छाती फुटायची वेळ.

आणि अचानक... वारा थांबला.

वीज गेली म्हणावं, तर फॅन गरगरत होता. डावीकडे पडदा फडफडत होता. उजवीकडे गिऱ्हाइकांचे टांगलेले कपडे हलत होते.

फक्त माझ्या तोंडावर वारा नव्हता.

मध्ये कुणीतरी होतं.

...आणि माझे पाय हलके झाले.

तिथेच उतरायला हवं होतं, कळतंय मला. पण ताईचा सुजलेला चेहरा डोळ्यांपुढे आला.

मी थांबले नाही.

काल तिला भेटायला गेले. "जमेल ना गं तुला?" तिने विचारलं.

"जमेल," म्हटलं. खोटं नव्हतं ते. वेग आलाय. कुठून आलाय, ते काही बोलले नाही.

फेरी रविवारी आहे. भाऊजी म्हणतात, "वहिनी, बिनधास्त या. मी आहे ना तुमच्या पुढे!"

ओठांवर येतं, आणि मी गिळून टाकते...

भाऊजी, तुमच्या पुढे कोण असेल?