आतून मागितलेला दिवा

थांब शिवगंगे, कंदील लावू नकोस. दिवेलागण झाली हे मलाबी दिसतं. तू या घरात नवी सून. सासू अंधारात का बसते, ते आधी ऐकून घे.

लढाईचे दिवस, निजामाचं राज्य. आमी वाशीच्या बाजारातून नवी रिकामी पोती घेऊन तेरखेड्याला परतत होतो. म्या, मालक म्हंजी तुझे सासरे, आन धाकटा दीर शांतलिंग. दिवस कलला होता. डोक्यावरून एक लहानसं इमान खोकत खोकत गेलं आन पुढं ज्वारीच्या रानात पडलं. धुरळा उठला. मग सगळं गप. पाखरूसुदिक वरडंना.

मालकांचा जल्म फटाक्याच्या दारूत गेलेला. त्यांनी वारा पाठीवर घेतला, पोती वढ्यात भिजवली, चिलीम पेटवून बघाय आलेल्यांना पार बांधापल्याड हाकललं. "एक ठिणगी पडली तर सगळे जळू," येवढंच बोलले. पेट्रोलच्या वासानं डोळे चुरचुरत होते. गळत होतं तिथं आमी माती लोटली. आतून कुणीतरी कण्हत होतं. मालकांनी नाकातोंडाला ओला पटका आवळला, पट्टे कापाय विळा घेतला आन आत शिरले.

अंधार पडला. कण्हणं थांबलं. मालक काय भाईर येईनात. गावातून कुणी पेटता कंदील आणला, तो शांतलिंगच्या हातात होता. लांबच उभा होता बिचारा.

तवा आतून आवाज आला. मालकांचाच.

"प्रेमा... दिवा आण..."

शांतलिंग धावला. म्या आडवी झाले.

"वैनी, सोडा! दादा गुदमरून मरंल!"

"त्ये तुझे दादा न्हाईत."

"मला आवाज वळखू येत न्हाय व्हय?"

"आवाज त्यांचाच हाय... पर दारूच्या खोलीत त्यांनी कवा दिवा मागितला? आन मला नावानं कवा हाक मारली रं?"

माझं चुकलं असतं तर म्याच माझं कुंकू पुसलं असतं. रडू येत होतं आन संतापबी. कंदील हिसकला, विझवला. दारूच्या खोलीत तोंडं बांधलेली असतात, म्हणून हाकेला टाळीनं ओ द्यायची, ही आमची रीत. मग जे तवाच्या बाईनं कधी करू नये ते केलं. नवऱ्याचं नाव घेऊन वरडले, "लिंबाजी! टाळी द्या!"

टाळी वाजली. हळू वाजली, पर वाजली. आन तिच्याबरोबरच, तिथनंच...

"प्रेमा... दिवा..."

"गप ऱ्हा मेल्या!" म्या म्हणलं. "तुला दिवा न्हाय मिळायचा!" आन चाचपडत आत घुसले. मालकांचा पाय पत्र्यात अडकला होता. पटका तोंडावर तसाच घट्ट. त्यातनं शब्द फुटणं शक्यच न्हवतं. इमानवाला बेसुद होता. शांतलिंगनं पत्रा उचलला, आमी दोघांना वढून काढलं. दोघंबी जगले. तिसरं कुणी आत न्हवतं. म्या हातानं सगळं चाचपलं होतं.

मालक जाऊन आता वर्सं झाली. पर त्ये माझ्या मागं या घरात आलंय. दिवेलागणीला आतल्या खोलीतून दिवा मागतं, आन त्या खोलीत दारूची पोती हाईत, तुला ठावं हाय. मागू दे. म्या हितं उंबऱ्यावर बसते. जीव हाय तवर आत दिवा जाणार न्हाय.

काय गं? दचकलीस?

व्हय... ऐकलं म्याबी. आज आवाज माझ्या लेकाचा हाय. आन नाव तुझं घेतंय. लेक सकाळीच लोहाऱ्याला गेला, तूच भाकरी बांधून दिलीस न्हवं? मग उठतीस कशाला? बस खाली. म्हण त्याला, टाळी दे.

...

अगं बाई. टाळीबी शिकलं व्हय आता?

शिकू दे. काड्याची पेटी हिकडं दे, माझ्या कमरेला ऱ्हाऊ दे.